पाडूनही न पडलेली इमारत

बिल्डरच्या कचेरीत त्यांना सगळे बारीककाका म्हणत. अंगाने चांगले धिप्पाड. नाव पडलं ते कामावरून. विकायच्या इमारतींचे छोटे नमुने ते करत. तांदळाच्या दाण्याएवढ्या खिडक्या, काडेपेटीएवढ्या गच्च्या. सव्वीस वर्षं हेच.

साहेब मात्र "ए खेळणीवाल्या" अशीच हाक मारी, तीही गिऱ्हाइकांसमोर. नमुना देखणा झाला की साहेबाची कल्पना, वाकडा झाला की काकांचा हात. साहेबाच्या बुटांचा आवाज आला तरी काकांच्या कपाळाची शीर उडे.

सुट्टीच्या दुपारी ते जुने जपानी राक्षसपट लावत. समुद्रातून डोंगराएवढं जनावर येतं आणि शहर तुडवत जातं. काकू वैतागत.

"रबराच्या पोशाखात माणूस आहे, आंधळ्यालाही दिसेल."

"म्हणून तर बघतो. आत माणूसच आहे. घामाने निथळतोय, धड दिसत नाही त्याला, पण कुणाच्या बापाला विचारत नाही."

"आणि तुम्ही? साहेबापुढे शेपूट घालता."

त्यावर काका आवाज चढवत. स्वतःचा नव्हे, टीव्हीचा.

मग तो चौतीस मजली नमुना आला. तीन महिने काका त्यावर वाकले होते. दाखवायच्या सकाळी पाहुणे जमले आणि साहेबाने बोटाच्या टिचकीने एक गॅलरी उडवली.

"बघा, हात लावला की गळतं. म्हातारा झालाय आमचा खेळणीवाला!"

पाहुणे हसले. काका बुटांसकट नमुन्याच्या बैठ्या चौथऱ्यावर चढले आणि पाय उचलून त्यांनी इमारतीवर दिला.

इमारत पडली नाही. नुसती करकरली. दुसऱ्या लाथेला कलली. तिसरीला काकांचाच तोल गेला आणि ते चिमुकल्या झाडांच्या बागेत धपकन बसले. एक धारदार तुकडा पोटरीत घुसला.

साहेब पोट धरून हसत होता. "अरे, याला धड पाडताही येत नाही! काढा याला बाहेर."

नोकरी तिथेच संपली. घरी काकू जखम धूत होत्या, तेव्हा काका भिंतीकडे बघत म्हणाले, "सिनेमातल्या इमारती पडतात, कारण करणारा आतून आधीच चिरा देऊन ठेवतो. पडायचीच म्हणून करतो तो. मी मात्र ती उभी राहावी म्हणून केली. त्या हरामखोरासाठी!"

"करायचंच होतं तर नीट करायचं," काकू म्हणाल्या. "हसं करून आलात." आणि त्यांनी अबोला धरला.

नवव्या दिवशी कचेरीतला कारकून दारात उभा. नमुना दुसऱ्या कुणाला जमेना. "साहेब म्हणतात, झालं गेलं विसरू. काका आहेत का?"

"झोपलेत," काकू म्हणाल्या.

"काकू, सकाळचे अकरा वाजलेत."

"तुमच्या साहेबासाठी ते उद्याही झोपलेलेच असतील." आणि धाडकन दार लावलं.

काका आत चहा पीत सगळं ऐकत होते. ते हसून काही म्हणणार, तोच काकूंनी त्यांच्यासमोरचा कप उचलून मोरीत ठेवला. अबोला आणखी दोन दिवस चालला.

पुढे काका एका छोट्या कारखान्यात दाताच्या डॉक्टरांसाठी कवळ्यांचे साचे करू लागले. तिथला मालकही काही देवमाणूस नव्हता.