मास्तरांचे जोंधळे

मला दुसऱ्यांदा मागणी आली ती एका गैरसमजातून, आणि तो गैरसमज मी जाणूनबुजून तीन आठवडे पोसला. हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. तेव्हाही फारशी वाटली नव्हती.

पहिली मागणी त्याच माणसाची होती. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. पालघरजवळच्या आमच्या माहीमच्या शाळेत जून महिन्यात ते तात्पुरते मास्तर म्हणून आले, घाटावरच्या कोरड्या मुलखातून. वडिलांना ते काका म्हणायचे, संध्याकाळी आमच्या ओटीवर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. मी आत विड्याची पानं निवडत ऐकायची. बातम्यांत मला काडीचा रस नव्हता, आवाजात होता. दिवाळीला त्यांनी वडिलांकडे माझ्याबद्दल शब्द टाकला. वडील म्हणाले, "पोर भातावर वाढलेली हाय, मास्तर. जोंधळ्याच्या मुलखात नाय द्यायची." जातही वेगळी होती, पण तो विषय वडिलांनी तोंडावर आणला नाही. सगळं जोंधळ्यावर निभावून नेलं. दिवाळीनंतर मास्तरांची नेमणूक संपली आणि ते निघून गेले. मला कोणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण मुलीला विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

पुढच्या वर्षी वसईकडच्या एका भाताच्या घरात माझं लग्न झालं. माणूस वाईट नव्हता. आमची एकमेकांशी ओळख होत होती, तेवढ्यात तिसऱ्या वर्षी विषमज्वराने तो गेला. मी माहीमला परत आले. आई आधीच गेली होती. घरात वडील आणि मी, आणि घरामागे पानवेलींची वाडी.

पानं खुडायची, आकाराप्रमाणे निवडायची, केळीच्या पानांत बांधून करंड्या भरायच्या, पाणी शिंपडून पालघर स्टेशनात पाठवायच्या, हे माझं आयुष्य झालं. माझ्या हातची पानं कुठल्या कुठल्या लग्नांत विड्याला लागत असतील. गावातल्या लग्नात मात्र मी मांडवाच्या मागच्या बाजूला भांडी मोजायला. याचा मला राग यायचा. राग आला की मी पानं जास्त बारकाईने निवडायची, त्यामुळे वाडीचं नाव झालं.

मास्तर गेल्याला दहा वर्षं झाली तेव्हा, पालघर स्टेशनात पार्सलच्या खिडकीशी, ते दिसले. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. त्याच्या स्टोअरमध्ये ते कारकून लागले होते आणि बोईसरला खोली घेऊन राहत होते. केस कानांपाशी पांढरे झाले होते. त्यांनी माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मग करंड्यांकडे.

"पानं अजून तशीच निवडता?"

"नाही. आता जास्त चांगली निवडते."

ते हसले. दोन बहिणींची लग्नं लावता लावता स्वतःचं राहून गेलं, असं त्यांनी गाडी येईपर्यंत सांगून टाकलं. नंतर दर शनिवारी, अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की, ते कसल्या ना कसल्या कामाने पालघरला येऊ लागले. मीही शनिवारच्या करंड्या गाडीवानाबरोबर एकट्या पाठवेनाशी झाले. पार्सलच्या खिडकीशी दहा मिनिटं मिळायची. त्या दहा मिनिटांवर मी आठवडा काढत होते, हे साधं खरं आहे.

पण मास्तर बोलेनात. वडिलांचा नकार त्यांनी जसाच्या तसा जपून ठेवला होता. मला वाटायचं, हा माणूस असाच एक दिवस बदली होऊन जाणार, आणि मी खिडकीशी पावती धरून उभी राहणार.

आता वाडीतली एक रीत सांगायला हवी. पानवेल आधाराच्या झाडावर चढत जाते आणि शेंड्यापाशी हात पुरेनासा झाला की तिला खाली उतरवतात. पानं काढून घेतात, वेलीची गुंडाळी करून बुंध्याशी ठेवतात आणि वर माती ओढतात. त्या दिवसांत वाडी बघवत नाही. उघडी झाडं आणि खाली मातीचे ढिगारे. आम्हांला त्याचं काही वाटत नाही. मातीतली वेल पेरांवरच्या डोळ्यांतून फुटते आणि पुन्हा चढते, दर वर्षी. मास्तर माहीमला राहिले होते ते जून ते दिवाळी. वेल उतरवलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

शिमगा झाल्यावर आम्ही वेली उतरवल्या, आणि नेमके त्या रविवारी ते दहा वर्षांनी पहिल्यांदा घरी आले. वडील कंबर धरून आत पडले होते. चार दिवस वाकून त्यांची पाठ कामातून गेली होती. मास्तर मागच्या दारी आले, वाडीकडे बघतच राहिले. कोरड्या मुलखातला माणूस. उभं पीक मातीत गेल्यावर घर कसं गप्प होतं ते त्यांना ठाऊक होतं, आणि आमचं घर त्या दिवशी खरोखरच गप्प होतं.

मी विहिरीवर होते. ते जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "वाडी गेली ते पाहिलं. अशा वेळी बोलू नये, पण आता तरी ऐका. माझा पगार नियमित आहे. खोली लहान आहे, पण तिघांना पुरेल. काकांना एकटं ठेवायचं नाही."

वेल मेली नाही, नुसती उतरवली आहे, एवढं एकच वाक्य सांगायचं होतं. ते मी बोलले असते तर हा माणूस पुन्हा दहा वर्षं मागे गेला असता. "विचार करून सांगते," असं म्हणून मी बादली उचलली. मला रागही आला होता. आम्ही बुडालो असं वाटलं तेव्हाच याला धीर झाला. पण तिघांना पुरेल म्हणाला, दोघांना नाही, हे मी रात्रंदिवस घोळवत राहिले.

पुढच्या रविवारी ते एसटीतून उतरले ते खांद्यावर जोंधळ्यांची लहानशी गोणी घेऊन. गावाहून आईने पाठवले, म्हणाले.

वडिलांनी गोणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाय, ह्यो मास्तर आपल्याला जोंधळं कशाला देतो?"

"त्यांच्याकडे जास्त झाले असतील."

"आपन काय भीक मागतो काय?"

"तुम्हीच विचारा," मी म्हटलं. वडील काही विचारणार नाहीत हे मला माहीत होतं. पाहुण्याला असलं विचारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

मला तांदळाची भाकरी येत होती, जोंधळ्याची येईना. कडेने तडकायची. शेवटी मास्तरांनी बाह्या वर केल्या, परात ओढली आणि चुलीपुढे बसून स्वतः थापली. वडील दारात उभे राहून बघत होते. आमच्या घरात पुरुषाने पिठाला हात लावलेला त्यांनी जन्मात पाहिला नसेल. सुक्या बोंबलाच्या कालवणाबरोबर दोन भाकऱ्या मात्र खाल्ल्या. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरी गोणी आली.

तिसऱ्या आठवड्यात ढिगाऱ्यांवर बारीक हिरवं दिसायला लागलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. शिवाय जोंधळे त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या कणगीतले होते, आणि ते मला गोड लागेनात. रविवारी मी त्यांना वाडीत नेलं, बसले आणि बोटांनी माती बाजूला केली.

"हे काय?" ते म्हणाले.

"कोंब. दर वर्षी येतात."

"म्हणजे वाडी..."

"वाडी ठणठणीत आहे. वेल वर पोचली की आम्ही उतरवून पुरतो. दिवाळीपर्यंत पुन्हा हाताला लागत नाही इतकी चढते."

ते बांधावर बसले. "आणि मी जोंधळे आणत होतो."

"हो. दोनदा."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं नसतं."

"खरं आहे," ते म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती. मग उठले, धोतराची माती झाडली. "तुमचं सगळं जिथल्या तिथे आहे. मी फार बोललो. माझं बोलणं मागे घेतो."

"घ्या. मग मी नवीन बोलते. मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. तुमचं काय ते सांगा."

माझे हात मातीने भरलेले होते. मी ते पदराखाली घेतले.

"काका?" त्यांनी विचारलं.

"वडिलांचं मी बघेन. आता तुम्हाला विचारतेय."

"माझं दहा वर्षांपूर्वीच सांगून झालंय," ते म्हणाले.

वडिलांना मी दुसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं. सगळं सांगितलं. वेलींचा गैरसमज, तिघांना पुरेल ती खोली, आणि या वेळी मीच विचारलं हेसुद्धा. त्यांनी हात धुतला आणि वाडीत निघून गेले. पाच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना टाकून मी गेले नसते, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. म्हणजे त्यांनी नाही म्हटलं की संपलं. मी रिकाम्या करंड्या दुरुस्त करत राहिले. एकही काडी सैल राहिली नाही.

शनिवारी सकाळी ते स्वयंपाकघरात आले आणि जोंधळ्यांचा डबा उघडून आत पाहिलं.

"संपत आलं."

"हो."

"मास्तर उद्या येल?"

"येतील."

"त्याला सांग, लगीन दिवाळीनंतर." डब्याचं झाकण त्यांनी नीट बसवलं. "आता वेली खाली हायत. दुसऱ्याच्या वाडीतली पानं मागून माझ्या पोरीच्या लग्नाला विडं नाय लावायचं. आपली पानं वर येऊं दे. आनि ती तूच निवड."

एवढं बोलून ते पाणी सोडायला गेले. मी डबा उघडला, उरलेले जोंधळे सुपात घेतले आणि खडे काढायला बसले.