झरोक्यातलं पोतं

मेहकरच्या बाजारात लेकीच्या हट्टाखातर बांगड्या भरत होते, तेव्हा फोन आला. तिचं लग्न आठवड्यावर आलेलं. पलीकडून वहिनी नुसत्या ओरडत होत्या, "बाई, तुमचे दादा उठूनच नाही राह्यले वं!" एका हातात बांगड्या, दुसरा मोकळा... तशीच जानेफळला धावले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गावच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला. मीही त्याच्या वर्गात होते. चंचुपात्रात पाणी, तळाशी परमँगनेटचा एक खडा, खाली दिवा... जांभळी रेघ मधून वर चढायची आणि काठाने खाली उतरायची. "तापलं का हलकं होते, वर जाते. थंडं जड, ते खाली येते. हवेचंबी तसंच," तो सांगायचा. घर बांधलं तेव्हा माडीवरच्या टिनाच्या खोलीला त्याने छताजवळ झरोका ठेवला, समोर खाली खिडकी. रोज पूजा झाली की उदबत्ती घेऊन वर जायचा आणि धूर झरोक्याकडे ओढला जातो का ते बघायचा. वहिनी हसायच्या, "देव खाली बसला, अन् हे हवेले ओवाळून राह्यले!"

नवरा गेल्यापासून मी लेकीला घेऊन त्याच्याकडेच राहते. लग्नासाठी घराला रंग दिला, तर कबुतरं झरोक्यातून येऊन नव्या भिंती घाण करू लागली. मी चिडून झरोक्यात पोतं कोंबलं.

"सुमे, ते पोतं काढ वं. वरची हवा कोंडून राह्यली."

"लगन होऊ दे, मंग काढीन."

माझा शब्द त्याने कधी मोडला नाही, तेच नडलं. खालच्या खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या, म्हणून त्या दुपारी तो वर जाऊन निजला. लाइट गेली, पंखा थांबला...

डॉक्टर म्हणाले, उष्माघात. लोक म्हणाले, यंदा ऊनच तसं होतं. मी मान हलवत राहिले. वहिनींनाही सांगितलं नाही, आज इथे लिहिते आहे, कारण आता सहन होत नाही. शाळेत गरम हवा कुठे जाते या प्रश्नाला दादाने मला पूर्ण गुण दिले होते. उत्तर मला येत होतं.

पोतं मी त्याच संध्याकाळी ओढून काढलं. आता उदबत्ती मी लावते, त्याच खोलीत, त्याच्या फोटोपुढे. धूर वर जातो, टिनाखाली जरा घुटमळतो आणि झरोक्यातून बाहेर पडतो.

"काढलं रे दादा," मी म्हणते. रोज म्हणते.