रंधा मशीनच्या मागची बाजू

लग्न झाल्यापासून फळी पुढून मिस्त्री सरकवत आणि मागून त्यांची बायको धरत असे. रंधा मशीनच्या दोन टोकांना दोघं उभी. फळी आत जायची खडबडीत आणि बाहेर यायची गुळगुळीत. आतली पाती फिरून जो भुसा आणि ज्या ढलप्या उडत, त्या सगळ्या मागच्या बाजूने, म्हणजे थेट बायकोच्या अंगावर. मशीनचं तोंडच तिकडे होतं. त्याला कोण काय करणार, असं मिस्त्रींचं मत होतं आणि मिस्त्रींचं मत बदलणं म्हणजे दगडावर डोकं आपटण्यासारखं होतं.

"सुताराच्या कारखान्यात भुसा नसेल तर काय, मोती असतील?" असं ते म्हणायचे. बायको केस झटकत हसायची.

मग ती हसताना खोकायला लागली. आधी हसताना, नंतर बोलताना, नंतर नुसतंच. डॉक्टरीणबाईंनी तिला श्वासाचा जोर मोजणाऱ्या एका नळीत फुंकर मारायला लावली. नळीवरचा काटा थोडा सरकला आणि थांबला.

"एक तर धूळ थांबवा, नाहीतर यांना थांबवा," बाई मिस्त्रींना म्हणाल्या. "काही महिन्यांनी परत फुंकायला आणा. काटा आणखी खाली आला, तर यांनी कारखान्याचं नाव काढायचं नाही."

घरी जाताना बायको गाल फुगवून चालत होती.

"मी घरात बसून भिंती मोजू होय?"

"मागे कुणाला तरी ठेवू."

"ठेवा. फळी कुठल्या टोकाकडून घालायची हे त्याला कळेपर्यंत अर्धं लाकूड जळणात जाईल."

यात तिळमात्र खोटं नव्हतं. बाहेर आलेल्या फळीवरून ती नुसता तळवा फिरवायची आणि सांगायची, की लाकडाच्या रेषा उलट्या आहेत, फिरवून घाला. पण मिस्त्रींना लाकडाची फिकीर नव्हतीच. ती समोर नसताना दिवसभर त्या मशीनशी काय बोलायचं, याचा त्यांना घोर लागला होता. तसं सांगायची त्यांना सवय नव्हती. "बघू काहीतरी," एवढंच ते म्हणाले.

बघितलं ते असं. कुठूनतरी एक जुना ब्लोअर आणला. मोठी मोटर, तोंडाला पाइप, वर हवा गाळायला कापडी पिशवी. मोटर दणदणीत आहे म्हटल्यावर पाइप कुठलाही चालेल, असं धरून मिस्त्रींनी पाण्याच्या पंपाचा एक अरुंद, वळ्यावळ्यांचा पाइप पडून होता तो जोडला. चार फळ्या बऱ्या निघाल्या. मग पाइप उशीसारखा ठासून भरला आणि ढलप्या मागे फिरून रोलरखाली आल्या. प्रत्येक फळीवर त्यांचे ठसे उमटायला लागले. मिस्त्री काठीने पाइप कोचत बसले आणि बायकोने गुपचूप भावाला फोन केला.

हा मेव्हणा मोठमोठ्या इमारतींत हवेचे पाइप बसवायचा. दाजींना नावं ठेवण्याची संधी त्याने आजवर एकही सोडली नव्हती.

"दाजी, मोटरचं काय घेऊन बसलात? एवढ्याशा बोळातून वरात काढताय तुम्ही," तो म्हणाला. "ढलप्या वाहून नेते हवा. तिला जायला रस्ता तर द्या. रुंद पाइप, आतून गुळगुळीत, जमेल तेवढा आखूड. वळण घ्यायचंच तर सावकाश. मशीनच्या तोंडावर पत्र्याचं टोपडं बसवा, फटी बुजवा. आणि मध्ये एक पिंप ठेवा, जड माल त्यातच पडेल."

मिस्त्रींना राग आला, पण त्यांनी पत्रा कापायलाही घेतला. सगळं सांगितल्याबरहुकूम केलं आणि खरंच, ढलप्या खडखडत पिंपात पडायला लागल्या. फळ्यांवरचे ठसे गेले. जमीन अशी झाली, की मिस्त्रींनी शेजारच्या कुलूपवाल्याला आणि समोरच्या रंगाऱ्याला अनवाणी उभं करून दाखवली. अख्ख्या गल्लीत त्यांची मान ताठ झाली.

एकच कटकट होती. कापडी पिशवी आतून भरत आली, की ओढ कमी व्हायची. ब्लोअर मशीनच्या मागेच ठेवलेला, तेव्हा पिशवी झटकायचं काम आपसूक बायकोकडे आलं. ती रोज काम सुरू करायच्या आधी पिशवी थापटून, झटकून लख्ख करायची. मिस्त्री कौतुकाने बघत.

खोकला मात्र हटेना. "मुरलेला आहे, जाईल हळूहळू," असं मिस्त्री तिला सांगत आणि स्वतःलाही.

एके दिवशी सकाळी त्यांनी शटर वर केलं. उन्हाची तिरपी तिरीप थेट मागच्या भिंतीपर्यंत गेली. बायकोने पिशवी झटकली, मिस्त्रींनी बटण दाबलं आणि त्या उन्हात त्यांना दिसलं. पिशवीच्या अंगातून धूर निघावा तशी धूळ निघत होती आणि बायकोच्या डोक्यावर, खांद्यांवर, नाकासमोर सावकाश उतरत होती. त्यांनी मशीन बंद केलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"तू आधी बाहेर ये."

मेव्हणा आला. पिशवी रोज झटकतात हे ऐकून तो फळ्यांच्या ढिगावर मटकन बसला. त्या दिवशी त्याला थट्टा सुचली नाही. कापडाची भोकं बारीक धुळीला मोठीच पडतात, असं त्याने सांगितलं. आत धुळीचा थर बसला की तोच चाळणीचं काम करतो. हे दोघं तो थर रोज पाडून पिशवी पुन्हा उघडी करत होते, आणि झटकताना उडेल ते वेगळंच.

"मी जमीन बघत बसलो," मिस्त्री म्हणाले. "चुकलो मी."

"झटकत तर मी होते," बायको म्हणाली. पण त्यांना ते लागायचं ते लागलंच. रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी भिंतीला भोक पाडून ब्लोअर मागच्या मोकळ्या जागेत नेला आणि वर छप्पर घातलं. पिशवीच्या जागी घड्याघड्यांचा बारीक फिल्टर आणला. सवयीने दारं-खिडक्या लावून घेतल्या तर ओढच मरून गेली. बाहेर जाते तेवढी हवा आत यायला नको का, असं मेव्हणा फोनवर ओरडला, तेव्हा खिडकी उघडी राहिली. फिल्टर साफ करणं मिस्त्रींनी स्वतःकडे घेतलं. "तोंडाला फडकं बांधा," असं बायको म्हणायची. "मला काय धाड भरलीय?" असं ते म्हणायचे. फळ्या उचलताना हल्ली ते मध्येच टेकत, पण ते वयाच्या खात्यावर.

रोज सकाळी ते तिरीप बघायचे. ती जवळजवळ रिकामी दिसायला लागली. खोकला उतरत गेला आणि एक दिवस बायको मोठ्याने हसली, नुसतीच हसली.

ठरल्याप्रमाणे दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. बायकोने फुंकर मारली. मिस्त्रींची नजर काट्यावरून हलत नव्हती. काटा मागच्या खुणेच्या थोडा पुढे जाऊन थांबला.

"मास्क लावून जाऊ दे यांना," बाई म्हणाल्या. मिस्त्रींना वाटलं, उठून कुणाचे तरी हात धरावेत. इतकं मोकळं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"आता तुम्ही फुंका."

"मला कुठे खोकला आहे?"

"जिना चढून आलात तेव्हापासून तुमचा श्वास ऐकतेय मी."

हसतहसतच त्यांनी नळी तोंडाला लावली. काटा जेमतेम हलला. नळी नीट धरली नसेल म्हणून त्यांनी पुन्हा फुंकलं, या वेळी सगळं बळ लावून. बायकोचा काटा पहिल्या दिवशी जिथे थांबला होता, त्याच्याही अलीकडे हा थांबला.

बाईंनी छाती तपासली. धूळ पुढच्या बाजूलाही होतीच, सगळ्यांनाच खोकला येतो असं नाही, हे त्यांनी शांतपणे समजावलं. औषधं लिहिली. "मी सांगेपर्यंत मशीनच्या आसपास फिरकायचं नाही," असं म्हणाल्या.

दोघं जिना उतरून खाली रस्त्यावर आली.

"मशीन बंद ठेवू," मिस्त्री म्हणाले.

"का म्हणून? पुढून मी घालते फळी. मागे भावाला उभं करते थोडे दिवस. इतकं शिकवायची हौस आहे तर धरू दे."

"आणि मी काय करू?"

ती थांबली. भर रस्त्यात त्यांचा हात तिने आजवर कधी धरला नव्हता, तो धरला.

"तुम्ही घरी बसा आणि श्वास घ्या. मला तुमच्याकडून दुसरं काही नको."