पुट्टतायम्माचं व्रत

मद्दूरजवळच्या आमच्या शर्टांच्या कारखान्यात पुट्टतायम्माअक्का कॉलर शिवायची. पोलिओमुळे ती कुबड्यांवर चालायची. दिवसभरात पाण्याचा थेंबही घ्यायची नाही. नंजुंडेश्वराचं व्रत असणार, असं आम्ही सगळ्याजणी धरून चाललो होतो. शेजारच्या मशीनवरची चिक्कतायी तर रोज सकाळी तिच्या पाया पडायची.

एप्रिलमधल्या एका दुपारी अक्का मशीनवरच कोसळली. मी बाटली तिच्या ओठांना लावली.

"अगं, व्रत मोडेल तिचं!" चिक्कतायी ओरडली.

"कसलं व्रत?" अक्का पुटपुटली. "कुबड्या घेऊन संडासात शिरलं की दार लागत नाही. समोरच कापड कापणारे पुरुष. तुम्हीच व्रत म्हणालात, मी गप्प बसले."

वर्षभर मी तिच्या शेजारी बसून जेवत होते. मी बाटली पुन्हा तिच्यापुढे धरली.

चिक्कतायीने शर्टाच्या कापडाचा तागा ओढला. "फुकट पाया पडून घेतलंस ना माझ्याकडून? पी आता मुकाट्याने."

अक्काने बाटली रिकामी केली. तासाभराने मी आणि चिक्कतायी संडासाच्या उघड्या दारात कापड ताणून उभ्या होतो.

"आहात ना गं?" अक्काने आतून विचारलं.

"आहोत. बस निवांत."