लाल मुंगळे आणि एक लॅटिन शब्द

जळगाव स्टँडवर ताईनं एसटीच्या खिडकीशी येऊन मला बजावलं, "सुहासला शब्दांच्या मुळाशी जाऊ देऊ नकोस." सुहास माझा भाचा, रसायनशास्त्राचा प्राध्यापक. समोर कुणीही असो, शब्द कुठून आला हे सांगत सुटतो. या खोडीपायी दोन मुलींनी चहा निवायच्या आत नकार कळवला होता. हे तिसरं स्थळ हुकलं तर खापर मामावर फुटणार, हे ठरलेलंच.

पारोळ्याच्या अलीकडे त्यानं 'कापूस' या शब्दावर तोंड उघडलं. मी त्यात काकडी कोंबली. धुळ्याला गाडी बदलली, साक्रीच्या पुढे डोंगर सुरू झाले.

मुलीच्या वडिलांनी, आबांनी, शेतात आंब्याखाली बाज टाकली होती. "या भाऊ, बठा. आठेच गार शे," (बसा, इथंच गार आहे) ते म्हणाले. सुहासनं कोट फांदीला अडकवला. मुलगी, मयूरी, ताटं घेऊन येताना दिसली, तसा घाईनं पुन्हा चढवला. फांदीवर लाल मुंगळ्यांनी पानं जोडून घर केलं होतं, ते आम्हाला दिसलंच नाही.

ताटात मांडे (खापरावरची पुरणपोळी) आणि आमरस. वाढलेल्या ताटावरून पाहुणा उठला तर यजमानाचा अपमान. पहिल्या घासाला सुहास ताठ झाला, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं.

"पाव्हनाले आवडनं! आखो वाढा!" (पाहुण्यांना आवडलं, आणखी वाढा) आबा खूश झाले.

वाढायला वाकलेली मयूरी थबकली. "अहो, मानेवर मुंगळा चावतोय."

"आम्लही सोडतोय," सुहास म्हणाला. मी कपाळाला हात लावला. "फॉर्मिक आम्ल. लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणजे मुंगी. हे आम्ल पहिल्यांदा मिळालं तेच मुंग्यांपासून. आई गं! त्या पाण्यात उकळायच्या आणि..."

"कोट काढा पह्यले!" आबा ओरडले.

"आबा, त्यास्ले पुरं सांगू द्या," मयूरी म्हणाली. "उकळीसन काय करेत?" (त्यांना पूर्ण सांगू द्या. उकळून काय करायचे?)

कोट-शर्ट काढून, बनियनवर बसून, मान खाजवत सुहासनं वाफ थंड करून आम्ल कसं गोळा करत, ते सविस्तर सांगितलं. ती ताट हातात धरून ऐकत राहिली.

परतताना धुळ्याच्या अलीकडे आबांचा फोन आला. "पोरगीले पसंत शे. पन ती इचारस, मुंग्या जित्त्या उकळेत का?" (मुलीला पसंत आहे, पण ती विचारते, मुंग्या जिवंतच उकळायचे का?)

आम्ही सगळे आजवर त्याला गप्प करत आलो. पुढचं ऐकायला मागणारं माणूस भेटेल, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सुहासनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. धुळे आलं, गाडी रिकामी झाली, तरी त्याचं बोलणं संपेना. मी बॅगा उतरवल्या आणि जळगावची गाडी खुशाल जाऊ दिली.