घोडे सगळ्यांनाच हवे होते

सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळाने एका गणेशोत्सवात झाशीच्या वेढ्याचं नाटक बसवायचं ठरवलं. नाटक माझ्या बाबांनी लिहिलेलं. ते साताऱ्याकडे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते आणि तेव्हा आमच्या हौगांगच्या फ्लॅटवर राहायला आले होते. गोष्ट साधी होती. इंग्रजांनी झाशीला वेढा घातलाय, सोडवायला आपली फौज येतेय, बेतवेच्या काठी इंग्रजांचं घोडदळ तिची दाणादाण उडवतं, आणि तटावरचे लोक वाट बघत राहतात.

पहिली लढाई भूमिका वाटतानाच झाली. घोडे सगळ्यांनाच हवे होते. तांजोंग पगारच्या ऑफिसातल्या मॅनेजरांना ते मॅनेजर असल्यामुळे, बोटीवरच्या इंजिनियरला तो थोडेच दिवस जमिनीवर असल्यामुळे, आणि जुरोंग आयलंडच्या रिफायनरीत जाणाऱ्याला कंपनीच्या बसचा कंटाळा आल्यामुळे. इंग्रज व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून त्यांचं काम पडद्यामागच्या ढोलावर भागवलं. झाशीत राहायला तर कुणीच नव्हतं. वेढ्यात अडकायचं, उपाशी मरायचं आणि वर संवाद चारच, असल्या भूमिकेसाठी माणूस एवढ्या लांब येतो का? तटावर एकटे बाबा उरले.

तालमी आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत व्हायच्या. कमरेला पुठ्ठ्याचे घोडे बांधून आम्ही लेटरबॉक्सपर्यंत दौडत जायचो आणि शेजारच्या चिनी आजी भाजी घेऊन मध्ये आल्या की अदबीने थांबायचो. आमच्या घोडदळात शिपाई एकही नव्हता, सगळेच सरदार.

मग समितीला शेवट खटकला. अध्यक्ष म्हणाले, "काका, सणासुदीला हार कशाला? फौज पोचते असं दाखवू. लोकांना काहीतरी पॉझिटिव्ह द्यायला हवं." हात वर झाले आणि बेतवेची लढाई आम्ही बहुमताने जिंकली. माझी मुलगी तेवढी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, हिस्टरी कॅननॉट चेंज लाह."

बाबा तिथे भांडले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "ती माणसं वाट बघत मेली रे. त्यांना वाचवलं असं सांगायचं म्हणजे त्यांचं मरणसुद्धा काढून घ्यायचं. जन्मभर पोरांना जे शिकवलं, त्याच्या उलट मी तिथे उभा राहून बोलू?" मी समितीकडे शब्द टाकला. समितीने फीडबॅकची नोंद घेतल्याचं कळवलं.

प्रयोगाला कम्युनिटी क्लबचा हॉल भरला होता. ढोल वाजला, इंग्रज न दिसताच पळाले आणि आम्ही झाशीच्या दारात दाखल झालो. अध्यक्ष तलवार उपसून गरजले, "दार उघडा. आम्ही तुम्हाला सोडवायला आलोय." यावर बाबांनी "या, वीरांनो" म्हणायचं होतं. त्यांनी तटावरून आमच्याकडे बघितलं. मग वर्गात बोलावं तशा शांत आवाजात म्हणाले, "तुम्ही आला नाहीत. आम्ही फार वाट बघितली. तुम्ही आलाच नाहीत."

प्रेक्षकांत कोणीतरी हसलं. आपण आलो आहोत, असं अध्यक्षांनी पुन्हा सांगून पाहिलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली. सरदार एकमेकांची तोंडं बघू लागले. दार उघडलंच नाही तर काय करायचं, याची तालीम झाली नव्हती. विंगेतून कुणीतरी "पडदा पाडा, म्हातारा बिथरलाय" म्हणालं. बाबा बिथरले नव्हते. एवढ्या मोठ्या शहरात ते एकटे होते, एवढंच.

मी कमरेला बांधलेली दोरी सोडली, घोडा अध्यक्षांच्या हातात दिला आणि मागच्या शिडीने तटावर चढलो. बाबांनी जरा सरकून मला जागा करून दिली.

"लांब बघत राहा," ते हळूच म्हणाले. "ते येतील असं आपल्याला अजून वाटतंय."