फौजेचा टेम्पो

महाड-पोलादपूर एसटीत माझ्या शेजारी एक आजी होत्या, मांडीवर सुक्या मासळीची पिशवी. वरून लष्कराचं हेलिकॉप्टर गेलं, तसे सगळे खिडक्यांना चिकटले. आजींनी मात्र वर न बघता पदर दातांत धरला, जणू वाराच सुटलाय.

"पुरात मला ह्यानंच उचललं," त्या म्हणाल्या. "इमान कसलं रे, फौजेचा टेम्पो! लढाईत जवान न्यायचा, डोंगरात रेशन, पुरात आमाला. बसायला बाकडं नाय, दार सताड उघडं. आपली एसटी बरी."

"पण जीव वाचला ना, आजी!"

"वाचला की. आन वर घेताना कुणी इचारलं नाय, कुठच्या वाडीची. सगळ्यांना एकमेकाला चिकटून बसवलं. खाली छावणीत उतरलो, तर आपल्याच लोकांनी पयलं तेच इचारलं. जेवायची येगळी रांग मंग दाखवली."

आमच्याकडे जात विचारणं असभ्य समजतात. वाडी विचारली की काम भागतं.

पुढच्या बाकावरचे गुरुजी हे सगळं ऐकत होते. हळहळत मागे वळले आणि म्हणाले, "फार वाईट हो! माणुसकीच उरली नाही. बरं, तुम्ही कुठल्या वाडीच्या?"

आजींनी बोट वर केलं.

"मी? त्या टेम्पोतली."